उठून बसलेलं एक तरी माणूस

अनुदानाचा अर्ज ही मोठी चमत्कारिक चीज आहे. वर्षानुवर्षं इमानेइतबारे काम केलेल्या माणसाला तो अर्ध्या तासात पटवून देतो, की बाबा रे, तू आजवर काहीच केलेलं नाहीस. हन्ना सिस्टरना हे बाराव्या रकान्यापाशी पटलं.

हन्ना सिस्टर म्हणजे नेवाशाच्या ‘सोबती रुग्णसेवा मंडळा’चा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे स्टीफन उजागरे सर. सिस्टरनी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून चौतीस वर्षं काढली होती आणि सरांनी झेडपीच्या शाळेत छत्तीस. रिटायर झाल्यावर दोघांनाही घरात करमेना, आणि आपापल्या घरच्यांना ते दोघं घरात सोसेनात, तेव्हा चर्चच्या मागच्या जुन्या शाळाखोलीत हे मंडळ निघालं. आबासाहेब नावाचे एक अध्यक्षही होते, पण ते सव्वीस जानेवारीला फोटोपुरते येत.

मंडळाचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. ज्याला अंथरुणातून उठता येत नाही अशा माणसाच्या घरी दवाखान्यातली खाट नेऊन द्यायची, फुकट. हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते ती खाट, आणि तिच्यावर मोटरवर चालणारी हवेची गादी. माणूस महिनोन्‌महिने काय, थोडे दिवसही एका जागी पडलं की पाठ सडते. या गादीवर सडत नाही. मंडळाकडे अशा तीन खाटा होत्या. एक केडगावला एका कॅन्सरच्या पेशंटकडे होती, त्याचं सगळं तिथलीच नर्स बघे. दुसरीच्या गादीला उंदरांनी ठिगळ न लागण्याएवढं भोक पाडलं होतं, आणि गादीशिवाय उपयोग नाही म्हणून ती खाट शाळाखोलीत भिंतीला टेकून उभी होती. तिसरी होती साळूबाई कर्डिले यांच्याकडे, आणि सगळं रामायण या तिसरीचं आहे.

त्याआधी एक रीत सांगायला हवी. मंडळाने दिलेली खाट कधीही परत मागितली नाही. मागायची कशी? ज्या घरात म्हातारं माणूस शेवटचे दिवस काढतंय, त्या घरी जाऊन ‘खाट कधी मोकळी होईल?’ असं विचारायला तोंड कुठलं आणायचं? आणि मागायची वेळही येत नसे. दहावा उरकला की घरातलं कुणीतरी खाट नदीवर स्वच्छ धुऊन, टेम्पोत घालून, आपणहून आणून सोडायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण हिंदू असो, ख्रिश्चन असो की मुसलमान, एकानेही मोडलं नव्हतं. वहीत प्रत्येक नावापुढे दोन तारखा असत, खाट गेली ती आणि खाट आली ती. अशी दोन्ही तारखा पडलेली एक्केचाळीस नावं होती.

पुण्याच्या एका कंपनीच्या प्रतिष्ठानाने छोट्या संस्थांसाठी अनुदान काढलंय, हे सरांना मोबाईलवर कळलं. आठ नव्या खाटा मिळण्यासारख्या होत्या. सरांनी चष्मा पुसला आणि अर्ज उघडला. पहिले अकरा रकाने त्यांनी शाळा तपासणीच्या सवयीने सपासप भरले. बाराव्यात लिहिलं होतं: ‘लाभार्थ्याच्या प्रकृतीत झालेली सुधारणा दाखवणारी किमान एक यशोगाथा. भेटीच्या दिवशी सदर लाभार्थी संस्थेच्या साहित्यासह उपस्थित असावा.’

सरांनी वही ओढली आणि पहिल्या नावापासून बोट फिरवायला सुरुवात केली. बोट एक्केचाळिसाव्यापर्यंत गेलं आणि परत वर आलं.

“सिस्टर,” ते हळू आवाजात म्हणाले, “आपल्या खाटेवरून उठून बसलेलं एक तरी माणूस आहे का हो?”

“जे उठणार असतात त्यांना ही खाट लागत नाही, सर.”

“ते मला कळतंय. या पुण्यावाल्यांना कळेल असं सांगा.”

“माणसं दुखण्याशिवाय गेली, असं लिहा. पाठ शाबूत ठेवून गेली. हे काय कमी आहे का?”

“‘गेली’ला इथे सुधारणा म्हणत नाहीत,” सर म्हणाले.

आणि मग दोघांनाही एकदमच, वहीत अजून एकच तारीख असलेली साळूबाई आठवली.

साळूबाई खुब्याचं हाड मोडून नगरच्या दवाखान्यातून घरी आली, तेव्हा डॉक्टरांनी पोराला बाजूला घेऊन ‘आता जे खायला मागतील ते द्या’ असं सांगितलं होतं. पोराने दिलं. म्हातारीने मागितलं ते खाल्लं, हन्ना सिस्टरनी पाच महिने ड्रेसिंग केलं, आणि सहाव्या महिन्यात म्हातारी काठी टेकत अंगणात आली. पुढे काठीही सुटली. आता ती दोन शेळ्यांच्या धारा काढी, शेण भरी आणि सुनेच्या कामाला नावं ठेवी. खाट मात्र तिच्याकडेच होती. दीड वर्ष झालं होतं. ती परत यावी तरी कशी? खाट परत यायची ती दहाव्यानंतर, आणि साळूबाईने तर मरायचंच नाकारलेलं. जगलेल्या माणसाने खाट कधी परत करायची, याची रीतच कुणी पाडून ठेवली नव्हती. सर महिन्या-दोन महिन्यांनी वस्तीवर जात, “काय आजी, कशा आहात?” विचारत, खाटेकडे बघत, चहा पीत आणि परत येत.

आता मात्र हेच दुखणं वरदान ठरलं. सरांनी साळूबाईची यशोगाथा चार वेळा लिहिली, चारदा खोडली, आणि पाचव्यांदा अशी लिहिली की वाचताना त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले. अर्ज गेला. पंधरा दिवसांत फोन आला, की पुढच्या गुरुवारी मॅडम भेटीला येतील.

शनिवारी सकाळी गोरक्ष दरंदले शाळाखोलीच्या दारात येऊन उभा राहिला. साखर कारखान्यात कामाला असलेला, अंगाने मोठा आणि बोलायला लाजरा माणूस. त्याच्या आईला, बनुबाईला, अर्धांगाचा झटका येऊन तीन आठवडे झाले होते. दवाखान्याने आता घरी न्या म्हणून सांगितलं होतं.

“खाली गोधडीवर टाकलीया,” तो म्हणाला. “उठवाया येत न्हाई, वळवाया येत न्हाई. तुमच्याकडं खाट मिळती आसं कोनतरी बोललं.”

सिस्टर त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून वस्तीवर गेल्या. बनुबाईला कुशीवर वळवून त्यांनी पाठ पाहिली. पाठ चांगली होती. फक्त माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग होता, दाबला की पांढरा पडत होता. म्हणजे अजून काही बिघडलं नव्हतं. आज गादी आली तर डाग दोन दिवसांत जाईल, हे सिस्टरना डोळे झाकून सांगता आलं असतं.

“साळूबाईची खाट आजच उचलू,” त्या परत येऊन सरांना म्हणाल्या.

सरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की सर काहीतरी अवघड बोलणार, हे सिस्टरना माहीत होतं.

“गुरुवारपर्यंत थांबू, सिस्टर.”

“पाच दिवस?”

“मॅडमना पेशंट खाटेसकट दाखवायचाय. खाट उचलली तर दाखवायचं काय, कर्डिल्यांच्या शेळ्या? आणि आता खाट काढून घेतली तर म्हातारी चिडेल. चिडली की गुरुवारी तोंड उघडायची नाही. एका खाटेपायी आठ खाटा जातील. तुम्ही हिशेब करा.”

हिशेब बरोबर होता, हीच तर पंचाईत. चुकीचा असता तर सिस्टर भांडल्या असत्या. त्यांनी आठ खाटा मनातल्या मनात आठ घरांत मांडून पाहिल्या, आठ पाठी पाहिल्या, आणि त्यांच्यापुढे एक पाठ पाच दिवस थांबू शकेल असं स्वतःला सांगितलं. चौतीस वर्षांच्या नोकरीने त्यांना पाच दिवसांत काय होतं ते शिकवलं होतं. ते त्यांनी त्या दिवसापुरतं विसरायचं ठरवलं. “साळूबाईला विचारून तरी बघू,” असंही त्या एकदा म्हणाल्या, पण सरांनी हात जोडले आणि विषय तिथेच मिटला.

गोरक्षला त्यांनी गुरुवारी संध्याकाळचा शब्द दिला. दर दोन तासांनी आईला या कुशीवरून त्या कुशीवर करायचं, हेही शिकवलं. गोरक्षने मान हलवली. त्याची कारखान्यात बारा तासांची पाळी होती आणि बायको दिवसभर दुसऱ्याच्या कांद्यात खुरपायला जात होती, हे त्याने सांगितलं नाही आणि सिस्टरनी विचारलं नाही.

बुधवारी सर साळूबाईकडे निरोप द्यायला गेले. “उद्या पुण्याच्या मॅडम येणारेत,” त्यांनी सांगितलं. “तुम्हाला भेटतील, खाट बघतील. घाबरू नका. जसं आहे तसं सांगायचं, चालून दाखवायचं.” साळूबाईने सगळं ऐकून घेतलं आणि सरांना दोन कप चहा पाजला. सर खुशीत परतले. साळूबाई काय विचार करत राहिली, ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. एवढ्या लांबून पेट्रोल जाळून बाई येते ती काय म्हातारीचं तोंड बघायला? ती येणार खाट न्यायला. धडधाकट बाईजवळ दवाखान्याची खाट कशाला, असं म्हणणार आणि गाडीत घालणार.

गुरुवारी अकरा वाजता पांढरी गाडी वस्तीवर आली. मॅडम तिशीच्या आतल्या, नाव ज्ञानेश्वरी. “नेवाशात तुमच्या नावाला कुणी नाही म्हणत नाही,” असं सरांनी गाडीतच सांगून टाकलं होतं आणि स्वतःवर खूश झाले होते. तोच आनंद घेऊन ते मॅडम आणि सिस्टरबरोबर उंबऱ्याच्या आत गेले, आणि तिथेच थबकले.

साळूबाई खाटेवर आडवी होती. मार्चच्या उकाड्यात तिने हनुवटीपर्यंत गोधडी ओढली होती. कपाळाला सुंठ फासलेली. सून कोपऱ्यात पदराचं टोक तोंडात धरून उभी होती, आणि ती हसू दाबतेय की रडू, हे तिचं तिलाच ठाऊक.

“आजी,” मॅडम खाटेपाशी बसल्या. “आता कसं वाटतंय?”

“वाटायचं काय ऱ्हायलंय, बाई,” साळूबाई खोल गेलेल्या आवाजात म्हणाली. “दिस मोजतीया.”

सरांना ठसका लागला. “आजी, अहो, तुम्ही काल तर...”

“काल हुतं जरा बरं. रातीपासनं पाक गेलं.”

“चालता येतं का थोडं?” मॅडमनी विचारलं.

“चालनं कशाचं? कूस वळवाया दोन मानसं लागत्यात. ह्या खाटंवरच काय ती धुगधुगी हाय. खाट गेली की मी गेले.”

बाहेर शेळी ओरडली. अकरा वाजून गेले तरी तिची धार काढली नव्हती. साळूबाईचा गोधडीखालचा एक पाय आपोआप खाटेच्या कडेकडे सरकला आणि तिने तो मोठ्या निग्रहाने मागे घेतला. सरांनी डोळे मिटले. एवढ्या मेहनतीने लिहिलेली यशोगाथा स्वतःच आडवी पडून कण्हत होती.

“किती दिवस झोपून आहेत?” मॅडमनी सिस्टरना विचारलं.

“खाट दिल्याला दीड वर्ष झालं,” सिस्टर म्हणाल्या. हे खरं होतं.

“दीड वर्ष! मग पाठीला जखमा असतील. बघू शकते का मी?”

सिस्टरनी पायाकडून गोधडी उचलली. साळूबाईच्या टाचांना ताजं शेण होतं. सिस्टरनी गोधडी सोडून दिली आणि पाठीकडून उचलली. त्या क्षणी त्यांना बोलता आलं असतं. पण बाई एवढ्या रस्त्याला आल्यात, म्हातारी एवढी कण्हतेय, सरांचा चेहरा असा झालाय. आता खरं बोलणं म्हणजे भर मांडवात वरमाईला नावं ठेवणं. त्या म्हणाल्या, “पाठ स्वच्छ आहे. बघा.”

मॅडमनी पाहिलं. गोरी नितळ पाठ, एक ओरखडा नाही. मग त्यांनी डोळ्यांच्या कडा पुसल्या.

“दीड वर्ष अंथरुणाला खिळलेलं माणूस, आणि एकही जखम नाही,” त्या म्हणाल्या. “असं काम मी कुठेच पाहिलेलं नाही. तुम्ही अर्जात उगाच चालतात वगैरे लिहिलंत, सर. हेच लिहायला हवं होतं.”

“चुकलंच जरा,” सर म्हणाले.

मॅडमनी साळूबाईचे फोटो काढले, पाठीचा काढला, मोटरचा काढला, आणि दुपारच्या आत नगरला पोचायचं म्हणून गाडीत बसल्या. सर त्यांना हायवेपर्यंत सोडायला गेले. गाडीचा आवाज गेला तशी साळूबाईने एक डोळा उघडला.

“गेली का?”

“गेली,” सिस्टर म्हणाल्या.

साळूबाई टणकन उठली, पदराने कपाळावरची सुंठ पुसली आणि पातेलं घेऊन शेळीकडे निघाली. “जलमात येवढा येळ लोळले न्हवते. पाठ अवघाडली. बसा सिस्टर, च्या टाकते.”

“साळूबाई, चहा नको. खाट न्यायला टेम्पो बोलावलाय.”

साळूबाई दारात थांबली. चेहरा कठीण झाला. “आत्ताच तर तिला म्हनले, खाट गेली की मी गेले.”

“दरंदल्यांच्या बनुबाईला झटका आलाय. जमिनीवर पडून आहे.”

साळूबाईने पातेलं खाली ठेवलं.

“बनू? दरंदल्याची?” ती म्हणाली. “बाजारात आमी शेजारी बसायचो. तिची मेथी, माझी वांगी. कवापासनं?”

“तीन आठवडे झाले. घरी आणल्याचं शनिवारी कळलं.”

“शनवारी.” साळूबाईने बोटं मोजली. “शनवारी कळलं, आन आज सांगताय? बनू खाली गोधडीवर, आन मी हितं ह्यांडल फिरवून टीव्ही बघतीया?”

“पुण्याच्या मॅडम येणार होत्या. त्यांना खाटेवरचं माणूस दाखवायचं होतं. आणि तुम्ही खाट द्याल की नाही...”

“इचारलं हुतं का?”

सिस्टर खाटेवरची गोधडी उचलून तिची घडी घालू लागल्या.

“पुन्यावाल्या बाईला दिली नसती, ती कोन माझी? पन बनूसाठनं एक शबुद टाकायचा हुता. बैलगाडीत घालून मी सोता नेऊन टाकली आसती.” तिने गादीच्या मोटरची पिन भिंतीतून काढली. गादी सुस्कारा टाकत बसत गेली. “दीड वरीस सर येत्यात, खाटंकडं बघत्यात, च्या पेत्यात, जात्यात. मला वाटायचं, म्हातारी आजून कशी मरंना हेच बघाया येत्यात. खाट पायजे म्हनून सांगायला काय लाज वाटत हुती तुमाला?”

खाट टेम्पोत चढवताना पायाकडची बाजू साळूबाईने स्वतः उचलली.

दरंदले वस्तीवर पोचायला तीन वाजले. गोरक्ष कामावर होता, शेजारची दोन पोरं आणि टेम्पोवाला मिळून खाट आत घेतली. सिस्टरनी गादी अंथरली, मोटर लावली, आणि ती फुगेपर्यंत बनुबाईला कुशीवर वळवलं. शनिवारनंतर त्यांनी आज पहिल्यांदाच तिची पाठ पाहिली. लाल डाग राहिला नव्हता. तिथे कातडी फाटून तळहाताएवढी जखम उघडी पडली होती, आणि तिच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या. ही भरायला महिने लागतील, भरली तर. आपण हे केलं, दुसऱ्या कुणी नाही, असं त्यांना स्पष्ट वाटलं, आणि त्या वाटण्याला पळवाट सापडेना.

पिशवीतला फोन वाजला. सर होते.

“सिस्टर, मॅडमनी गाडीतूनच वरच्या साहेबांना फोन लावला. आठ नाही, दहा खाटा! आपली पद्धत त्या सगळीकडे दाखवणार आहेत. आणि एक काम करा. नव्या पेशंटचा खाटेवर घ्यायच्या आधीचा फोटो काढून ठेवा. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही लागतात.”

“आधीचा फोटो शनिवारी काढायला हवा होता, सर,” सिस्टर म्हणाल्या. “आता काढला तर तो नंतरचा होईल.”

सिस्टरनी फोन बंद केला आणि गरम पाणी मागितलं.

जखम धुताना बनुबाईचं अंग थरथरत होतं, पण तिने तोंडातून आवाज काढला नाही. झटक्याने तिची जीभ जड झाली होती. खाट साळूबाईकडची आहे हे कळल्यावर तिचं अर्धं तोंड हसलं. ड्रेसिंग झालं, तिला गादीवर घेतलं, तेव्हा तिने चांगल्या हाताने सिस्टरचं मनगट धरलं.

“बनुबाई,” सिस्टर म्हणाल्या, “ही गादी मी शनिवारीच आणायला पाहिजे होती. चूक माझी आहे.”

बनुबाईने मान हलवली. एकेक शब्द ओढत ती म्हणाली, “आसू द्या. तुमी एकट्या. किती जनांकडं... बघनार?”

सिस्टरनी तिचा हात सोडवून गादीवर नीट ठेवला. गेल्या पाच दिवसांत त्यांच्याकडे दुसरा एकही पेशंट नव्हता.